नोटर डेमचे रॉकनी

अमेरिकेतील एका कॅथलिक विद्यापीठाचे नाव ज्या माणसाने त्या देशाच्या घराघरांत पोहोचवले, तो धर्मगुरू नव्हता, पंडित नव्हता आणि आयुष्याची पहिली सदतीस वर्षे कॅथलिकही नव्हता. नॉर्वेत जन्मलेला, ल्युथरपंथी घरात वाढलेला, शिकागोच्या टपाल कार्यालयात पत्रांच्या थैल्या हाताळून चार पैसे गाठीला बांधणारा हा तरुण बाविसाव्या वर्षी महाविद्यालयाची पायरी चढला आणि पुढे त्याच महाविद्यालयात फुटबॉलचा प्रशिक्षक झाला. त्याचे नाव नूट रॉकनी. १९१८ ते १९३० या तेरा हंगामांत त्याच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. हे आकडे अमेरिकेत आजही आदराने सांगितले जातात. आपल्याला त्यांच्यात रस आहे तो एका वेगळ्या कारणासाठी. ज्या देशात कॅथलिकांकडे परके म्हणून पाहिले जात होते, त्या देशात आपण या मातीचे आहोत असे त्यांना वाटू लागले, त्यात एका चेंडूचा वाटा किती, आणि त्या चेंडूची किंमत कोणी कशी मोजली, हा प्रश्न रॉकनींच्या चरित्रात दडलेला आहे.

आधी खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या धर्मग्रामांच्या मैदानांवर पावसाच्या चिखलात जो फुटबॉल रंगतो, तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आणि नावात पाय असला तरी तो बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाला द्यायचा. चेंडू घेऊन समोरच्यांची अंतिम रेषा ओलांडली की सहा गुण. आणि चेंडू नेणाऱ्याला अडवायचे म्हणजे त्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला जमिनीवर लोळवायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ इतका रानटी झाला होता की दर हंगामात काही मुले प्राणास मुकत. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून समज दिली. १९०६ पासून नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा प्रथमच मिळाली. रॉकनींच्या कथेत या मुभेला फार महत्त्व आहे.

नोटर डेम विद्यापीठ इंडियाना राज्यात साऊथ बेंड शहराला लागून आहे. १८४२ च्या नोव्हेंबरात, बर्फ पडलेले असताना, फादर एडवर्ड सोरँ हे तरुण फ्रेंच धर्मगुरू पवित्र क्रूस संघाच्या ब्रदरांसह तेथल्या तळ्याकाठी पोहोचले. जवळ लाकडी ओंडक्यांचे एक प्रार्थनामंदिर, भोवती रान. फादरांनी त्या जागेला फ्रेंच भाषेत नाव दिले, त्याचा अर्थ तळ्याकाठची आमची माता. अमेरिकनांच्या जिभेवर त्याचे 'नोटर डेम' झाले. १८७९ साली मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली, तेव्हा काही महिन्यांत ती पुन्हा उभी राहिली आणि पुढे तिच्या सोनेरी घुमटावर मरियामातेची मूर्ती विराजमान झाली. या संघाचा आपल्या उपखंडाशीही जुना संबंध आहे. १८५३ पासून त्याचे मिशनरी पूर्व बंगालमध्ये कार्य करीत आले, आणि ढाक्यातील नोत्र दाम महाविद्यालय त्यांचेच.

नूटचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील वॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बनवीत. १८९३ साली शिकागोत भव्य जागतिक प्रदर्शन भरले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, त्यामुळे ते आपल्या वाचकांना परिचित आहे. त्या प्रदर्शनाच्या ओढीने वडील अमेरिकेत गेले आणि मागोमाग कुटुंबही गेले. पाच वर्षांचा नूट शिकागोच्या गल्ल्यांत वाढला, तेथल्या आयरिश आणि स्वीडिश पोरांच्या मारामारीत फुटबॉल शिकला. शालेय शिक्षणानंतर त्याने टपाल कार्यालयात सुमारे चार वर्षे नोकरी केली. पैसे साठवून इलिनॉय विद्यापीठात जाण्याचा त्याचा बेत होता. परंतु दोन मित्र नोटर डेमला निघाले होते, तेथील खर्चही कमी होता. म्हणून १९१० साली तो त्यांच्याबरोबर गेला. इतक्या साध्या कारणाने ही गाठ पडली.

तो तेथे रसायनशास्त्र व औषधशास्त्र शिकला, आणि उत्तम गुणांनी शिकला. ही गोष्ट अनेक चरित्रांत घाईने उरकली जाते, पण ती उरकण्यासारखी नाही. पदवीनंतर त्याला विद्यापीठाच्या रसायनशाळेत साहाय्यक म्हणून काम मिळाले आणि सोबत फुटबॉलच्या प्रशिक्षकाला मदत करण्याची मोकळीक. त्याचे गुरू फादर ज्युलियस न्यूलँड हे बेल्जियममध्ये जन्मलेले धर्मगुरू-शास्त्रज्ञ. ॲसिटिलीन वायूवरील त्यांच्या संशोधनातूनच पुढे ड्यू पाँ कंपनीने निओप्रीन हे कृत्रिम रबर बनवले. पहिली काही वर्षे रॉकनी सकाळी प्रयोगशाळेत आणि दुपारी मैदानावर असत. खेळाडूंना ते एखादी चाल शिकवीत, तेव्हा तिचे तुकडे करून, प्रत्येक पावलाची वेळ मोजून शिकवीत. त्यात मला तरी रसायनशाळेची शिस्त दिसते.

खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले ते १ नोव्हेंबर १९१३ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्यांचा सहाध्यायी गस डोरे यांनी ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या किनाऱ्यावर नोकरी धरली होती. काम संपल्यावर दोघे वाळूत चेंडू फेकण्या-झेलण्याचा सराव करीत. एकाने धावता धावता मागे न थबकता झेलायचे, दुसऱ्याने तो पोहोचेल त्या जागी आधीच फेकायचे. नियम बदलून सात वर्षे झाली होती, पण पूर्वेकडील बड्या संघांनी या फेकीला फारशी किंमत दिली नव्हती. नोव्हेंबरात नोटर डेमचा संघ वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीविरुद्ध खेळायला गेला. मध्य-पश्चिमेकडचे एक लहान कॅथलिक महाविद्यालय. कॅडेटांना तो सराव सामना वाटला असावा. डोरेने १७ पैकी १४ फेकी यशस्वी केल्या, एकूण २४३ यार्डांच्या. नोटर डेमने सामना ३५-१३ असा जिंकला आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांना नकाशात साऊथ बेंड शोधावे लागले. पुढे फेकण्याची युक्ती याच दिवशी जन्मली असे सांगितले जाते, ते खरे नाही. इतरांनी ती आधी वापरली होती. लहान अंगाच्या संघाने तिच्या बळावर धिप्पाडांना कसे नमवावे, हे मात्र त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

१९१८ साली मुख्य प्रशिक्षक जेस हार्पर निवृत्त झाले आणि जागा रॉकनींकडे आली. येथून खरी गोष्ट सुरू होते, आणि ती एका बंद दरवाजापाशी सुरू होते.

मध्य-पश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांचा एक संघ होता. आपसात सामने ठरवणे, नियम करणे, उत्पन्न वाटून घेणे हे त्याच्यामार्फत चाले. नोटर डेमने त्यात प्रवेश मिळवण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी नकार आला. कारणे नियमांची दिली गेली. ती सगळीच खोटी होती असे म्हणता येणार नाही. कोणत्या विद्यार्थ्याला खेळण्याची पात्रता आहे याबाबत त्या काळी सर्वत्रच ढिलाई होती आणि नोटर डेमही त्याला अपवाद नव्हते. परंतु मिशिगनचे प्रभावी प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या मनातील कॅथलिकांविषयीची अढी इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. शेजाऱ्यांनी खेळायचे नाकारले, तेव्हा उरलेला मार्ग एकच होता. दूर जाऊन खेळायचे.

आणि रॉकनी दूर गेले. आगगाडीने दोन-दोन दिवसांचा प्रवास करून त्यांचा संघ न्यूयॉर्कला, अटलांटाला, नेब्रास्काला, अखेर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. वृत्तपत्रे या संघाला 'भटके' म्हणू लागली. रॉकनींना जे हवे होते ते शेजारच्या विद्यापीठांनी दिले असते, तर नोटर डेम इंडियानाच्या आसपासचा एक बरा संघ म्हणून राहिला असता. दार बंद झाले म्हणून त्यांना सारा देश अंगण म्हणून मिळाला. ज्या ज्या शहरात गाडी थांबे तेथे आयरिश, पोलिश, इटालियन, जर्मन धर्मग्रामांतील माणसे स्टेशनवर जमत. ही माणसे कारखान्यांत, गोद्यांत, पोलिसात काम करणारी. त्यांतील बहुतेकांनी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नव्हते. लष्करी अकादमीशी होणारा वार्षिक सामना न्यूयॉर्क शहरात भरू लागला, तेव्हा तेथील कष्टकरी कॅथलिक भुयारी रेल्वेने मैदानावर येत आणि नोटर डेम जणू आपलेच विद्यापीठ असल्यासारखा गजर करीत. त्यांना गमतीने 'भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी' असे नाव पडले. १९२७ साली विद्यापीठाने आपल्या संघासाठी 'लढवय्ये आयरिश' हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. प्रशिक्षक नॉर्वेचा, खेळाडूंत पोलिश, जर्मन, इटालियन आडनावे मुबलक, आणि नाव आयरिश! स्थलांतरितांच्या देशात अशी विसंगती कोणाला खटकत नाही.

या प्रवासात संघ रविवारी व सामन्याच्या दिवशी मिस्साला जात असे. विद्यार्थ्यांच्या आध्यात्मिक जीवनाची जबाबदारी फादर जॉन ओ'हारा यांच्याकडे होती. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले होते. फादर ओ'हारांनी ती गोष्ट ध्यासाने विद्यार्थ्यांत रुजवली. फुटबॉलचा संघ हे त्यांच्या दृष्टीने श्रद्धेचे चालते-बोलते उदाहरण होते. ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी ओळीने उभे राहिलेले खेळाडू शहरोशहरी लोकांना दिसत, आणि फादरांना ते हवेच होते. हेच ओ'हारा पुढे फिलाडेल्फियाचे आर्चबिशप व कार्डिनल झाले.

आता १९२४ सालाकडे येऊ. या वर्षाला मी रॉकनींच्या कारकिर्दीचा मध्य मानतो.

त्या काळात कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना इंडियाना राज्यात कमालीची प्रबळ झाली होती. दक्षिणेत तिचा रोख प्रामुख्याने कृष्णवर्णीयांवर होता. इंडियानात तो कॅथलिकांवरही तितकाच होता. पोपच्या आज्ञेने अमेरिका ताब्यात घेण्याचा कट शिजतो आहे, असे तिचे प्रचारक सांगत आणि लोक विश्वास ठेवीत. राज्यातील तिचे सभासद लाखांच्या घरात होते, पुढारी आणि अधिकारी तिच्या मुठीत होते. शनिवार, १७ मे १९२४ रोजी क्लॅनने साऊथ बेंडमध्ये मेळावा ठरवला. निवडलेली जागा अर्थातच सहज निवडलेली नव्हती. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी विद्यार्थ्यांना आवारातच राहण्यास बजावले. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. सकाळपासून ते स्टेशनवर उभे राहिले, उतरणाऱ्या क्लॅनच्या माणसांचे पांढरे झगे आणि टोप्या त्यांनी हिसकावल्या. शहरातील क्लॅनच्या कचेरीच्या खिडकीत तांबड्या दिव्यांचा क्रूस लावलेला होता. शेजारच्या दुकानातील बटाटे घेऊन मुलांनी एक एक दिवा फोडला. मेळाव्याची मिरवणूक निघालीच नाही. दोन दिवसांनी मात्र पारडे फिरले. पुन्हा शहरात गेलेल्या विद्यार्थ्यांवर लाठ्या आणि बाटल्यांचा मारा झाला, पोलिसांनीही त्यांनाच झोडपले. तेव्हा फादर वॉल्श स्वतः न्यायालयासमोरील स्मारकावर चढले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना शांतपणे परत फिरण्यास सांगितले. रक्ताळलेली, संतापलेली मुले परत फिरली.

बटाट्यांची गोष्ट रंगवून सांगायला सर्वांना आवडते. मला स्मारकावर चढलेल्या फादर वॉल्शांचे धैर्य अधिक मोठे वाटते. दंगल वाढली असती, तर कॅथलिक हे दंगलखोर, हा क्लॅनचा आरोप मुलांनीच सिद्ध करून दिला असता.

त्यानंतर पाच महिन्यांनी तेच विद्यार्थी मैदानात उतरले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये नोटर डेमने लष्करी अकादमीला १३-७ असे हरवले. स्टुलड्रेअर, मिलर, क्राउली आणि लेडन हे पिछाडीचे चार खेळाडू जेमतेम १६० पौंड वजनाचे. परंतु त्यांच्या हालचाली इतक्या एकतालात की बचावफळीला चेंडू कोणाकडे आहे हेच कळत नसे. संघाच्या प्रसिद्धीचे काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रकटीकरणाच्या ग्रंथातील चार घोडेस्वारांवरून नाव घेतलेला चित्रपट पाहिला होता. मध्यंतरात त्याने तशी तुलना सहज बोलून दाखवली. ती क्रीडालेखक ग्रँटलँड राइस यांच्या कानी पडली आणि दुसऱ्या दिवशी छापून आली. साऊथ बेंडला परतल्यावर त्या चौघांना घोड्यांवर बसवून छायाचित्र काढण्यात आले व ते देशभर गेले. त्यांच्यापुढे उभे राहून मार खाणाऱ्या सात गड्यांनी स्वतःला 'सात खेचरे' म्हणवून घेतले. रॉकनींना हा विनोद फार आवडे, कारण स्वार पडू लागले की दोष कोणाचा हे त्यांना पक्के माहीत होते. संघ त्या हंगामात अजिंक्य राहिला. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात रोझ बोल सामन्यात त्याने स्टॅनफर्डला २७-१० असे हरवले आणि राष्ट्रीय विजेतेपद प्रथमच निर्विवादपणे नोटर डेमकडे आले. क्लॅनचा इंडियानातील सूत्रधार डी. सी. स्टीफन्सन हा त्याच वर्षी एका तरुणीच्या मृत्यूप्रकरणी खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरला आणि संघटना ढासळली. तिला फुटबॉलने हरवले असे कोणी म्हणेल तर ते बरोबर नाही. ती आपल्या पापाने बुडाली.

रॉकनी पंधरा वर्षे धर्मगुरूंच्या सहवासात होते. पत्नी बॉनी व मुले कॅथलिक. त्यांनी स्वतः मात्र घाई केली नाही, आणि नोटर डेमच्या धर्मगुरूंनीही त्यांना घाई केली नाही, हे विशेष. सामन्याच्या दिवशी झोप मोडून ख्रिस्तप्रसादासाठी निघालेली मुले पाहून आपण अंतर्मुख झालो, असे ते सांगत. २० नोव्हेंबर १९२५ रोजी ओंडक्यांच्या प्रार्थनामंदिरात फादर व्हिन्सेंट मूनी यांनी त्यांना स्नानसंस्कार दिला. फादर सोरँच्या वेळचे मूळ मंदिर १८५६ साली जळाले होते. हे त्याच नमुन्यावर १९०६ साली उभारलेले. दुसऱ्या सकाळी त्यांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला आणि दुपारी संघ नॉर्थवेस्टर्नविरुद्ध मध्यंतराला ०-१० असा मागे पडला. अखेर १३-१० असा जिंकला.

यावरून कोणी त्यांना संत ठरवू नये. स्नानसंस्काराला महिना उलटायच्या आतच, डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी त्यांनी गुपचूप बोलणी केल्याचे वृत्तपत्रांत आले. करारावर सही झाली होती. गवगवा झाला, रॉकनी ओशाळले, कोलंबियाने त्यांना मोकळे केले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९२६ मध्ये, कार्नेगी टेक या दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाविरुद्धचा सामना साहाय्यकावर सोपवून ते शिकागोत लष्कर व नौदल अकादमीचा सामना पाहायला गेले. तेथेच त्यांना कळले की त्यांचा संघ ०-१९ असा हरला. प्रसिद्धी, व्याख्याने, वृत्तपत्रांतील लेख, पुढे स्टुडबेकर या मोटार कंपनीसाठी विक्रेत्यांपुढे भाषणे. माणूस एक आणि ओढणारे हात अनेक. त्यांच्या मृत्यूनंतर त्या कंपनीने 'रॉकनी' नावाची मोटारही काढली. ती दोन वर्षेही धड चालली नाही.

आणि ते गोष्टी रचून सांगत. १९२२ साली अटलांटात सामन्यापूर्वी त्यांनी खेळाडूंना एक तार वाचून दाखवली. त्यांचा लहान मुलगा बिली इस्पितळात आहे आणि वडिलांच्या संघाने जिंकावे अशी त्याची इच्छा आहे. मुलांनी जिवाचे रान करून सामना जिंकला. परतल्यावर स्टेशनवर ठणठणीत बिली उड्या मारीत त्यांचे स्वागत करायला हजर! त्याच संघातील खेळाडू ही गोष्ट पुढे हसत हसत सांगत. आपण हसतो, पण प्रश्न उरतोच, कारण रॉकनींच्या नावाशी कायमची जोडली गेलेली गोष्टही अशाच प्रकारची असावी की काय, अशी शंका घेतली जाते.

जॉर्ज गिप हा मिशिगनमधील लॉरियम गावचा मुलगा. रॉकनींना लाभलेला बहुधा सर्वांत अंगभूत गुणांचा खेळाडू. बिलियर्ड्स, पत्ते, पैजा यांत रमणारा. वर्गात फारसा न दिसणारा. एकदा विद्यापीठातून काढला गेलेला आणि पुन्हा घेतलेला. १९२० च्या हंगामाच्या अखेरीस त्याचा घसा धरला, संसर्ग वाढला, न्यूमोनिया झाला. प्रतिजैविके अजून यायची होती. १४ डिसेंबर १९२० रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मृत्यूपूर्वी स्नानसंस्कार घेऊन तो वारला. आठ वर्षे उलटली. १९२८ चा हंगाम रॉकनींचा सर्वांत वाईट. नऊपैकी चार सामने त्यात गेले. १० नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर लष्करी अकादमीशी गाठ होती. रॉकनींनी खेळाडूंना सांगितले की, गिपने मृत्युशय्येवर आपल्याजवळ एक मागणे मागितले होते. कधीतरी संघ अगदी अडचणीत असेल, तेव्हा मुलांना माझ्यासाठी जिंकायला सांगा. सामना १२-६ असा जिंकला गेला. बरोबरी साधणारी धाव जॅक शेव्हिनी याने घेतली. तो पुढे १९४५ साली इवो जिमा बेटावरील लढाईत मारला गेला.

गिप खरोखर तसे बोलला का? रॉकनींखेरीज त्याला दुसरा साक्षीदार नाही, आणि बिलीची तार ठाऊक असलेला अभ्यासक सावध होतोच. माझ्या मते शब्द रॉकनींचे असावेत. पण ते त्या दिवशी एवढे का भिडले, याचे उत्तर गिपच्या खोलीत शोधण्यापेक्षा त्या आठवड्याच्या दिनदर्शिकेत शोधावे. चारच दिवसांपूर्वी, ६ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले होते. मोठ्या पक्षाने उभा केलेला हा पहिला कॅथलिक उमेदवार. पराभवाला इतर कारणेही होती. देशात भरभराट होती, आणि दारूबंदीला त्यांचा विरोध होता. तरीही पोपचा हस्तक म्हणून त्यांच्याविरुद्ध जी विषारी कुजबुज आणि पत्रकबाजी झाली, ती प्रत्येक धर्मग्रामात पोहोचली होती. शनिवारी यँकी स्टेडियममध्ये जमलेल्या स्मिथच्या शहरातील कॅथलिकांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

इकडे विद्यापीठातील धर्मगुरूंची चिंता निराळीच होती. फुटबॉलच्या उत्पन्नाने इमारती उभ्या राहण्यास हातभार लागत होता हे खरे. पण पालक विचारू लागले होते की तुमच्याकडे खेळाव्यतिरिक्त काही शिकवतात का? फादर न्यूलँडांचे संशोधन किती जणांना ठाऊक होते? रोझ बोलचे सोनेरी यश मिळाल्यानंतरही विद्यापीठाने हंगामोत्तर सामने खेळणे थांबवले आणि हा निर्बंध १९६९ पर्यंत पाळला. नव्या मैदानासाठी रॉकनींना वर्षानुवर्षे तगादा लावावा लागला. ते अखेर ऑक्टोबर १९३० मध्ये सुरू झाले. ५४,००० प्रेक्षकांचे, साडेसात लाख डॉलरांहून अधिक खर्चाचे. बांधकाम चालू असल्याने १९२९ चा सारा हंगाम परगावी खेळावा लागला. रॉकनींच्या पायातील रक्तवाहिनीत गाठ झाली होती, डॉक्टरांनी अंथरुण सोडू नका म्हटले होते. त्यांनी चाकांच्या खुर्चीतून खेळाडूंना सूचना दिल्या. संघ नऊच्या नऊ सामने जिंकला. १९३० मध्ये दहाच्या दहा.

त्यानंतर चार महिन्यांनी, ३१ मार्च १९३१ रोजी, पवित्र आठवड्यातील मंगळवारी, ते कॅन्सस सिटीहून लॉस एंजेलिसला विमानाने निघाले. नोटर डेमवरील एका चित्रपटासंबंधी काम होते. दोन मुले कॅन्सस सिटीत शाळेत होती. त्यांना भेटायला ते थांबले, पण भेट चुकली. विमान कॅन्ससच्या बझार गावाजवळच्या कुरणात कोसळले आणि त्यातील आठही जण ठार झाले. रॉकनी त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्याजवळ जपमाळ सापडली असे सांगतात. पवित्र शनिवारी, ४ एप्रिलला, विद्यापीठाच्या पवित्र हृदय मंदिरात त्यांना निरोप देण्यात आला. अध्यक्ष फादर चार्ल्स ओ'डॉनेल, जे स्वतः कवी होते, त्यांनी प्रवचन केले. ते नभोवाणीवरून देशभर ऐकले गेले. नॉर्वेच्या राजाने आपला प्रतिनिधी पाठवला. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी ही राष्ट्राची हानी असल्याची तार पाठवली. अल स्मिथना हरवून निवडून आलेले तेच हूवर.

अपघाताच्या चौकशीत विमानाचा लाकडी पंख ओलाव्याने कमकुवत होऊन तुटल्याचे दिसले. अपघातांचे निष्कर्ष गुप्त ठेवण्याची सरकारी खात्याची रीत होती. मृत व्यक्ती इतकी लोकप्रिय असल्याने ती टिकली नाही. लाकडी पंखांच्या विमानांवरचा विश्वास उडाला आणि त्या विमान कंपनीने पुढच्याच वर्षी पूर्ण धातूच्या विमानाची मागणी नोंदवली. तिच्यातून डग्लस कंपनीची विमाने जन्मली. आपल्याकडे अनेक वर्षे उडालेले डकोटा त्याच घराण्यातले.

१९४० साली रॉकनींच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्यात गिपची भूमिका रोनाल्ड रेगन या तरुण नटाने केली. रेगन यांचे वडील आयरिश कॅथलिक. हा नट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, मार्च १९८१ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यातून बरे होताना त्याने नोटर डेमच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण पाळले. भाषणात त्याने गिपची आठवण काढली. तो रविवार १७ मेचा. सत्तावन्न वर्षांपूर्वी त्याच तारखेला सकाळी साऊथ बेंडच्या स्टेशनवर विद्यार्थी क्लॅनच्या गाड्यांची वाट पाहत उभे होते.